हिवाळ्यातला खडा चढ माउंटन बाइकवर कसा चढायचा: तयारीपासून परतीपर्यंत

उन्हाळ्यात खड्या चढावर आपण थांबतो ते दम संपतो म्हणून. हिवाळ्यात त्याच चढावर पायांत जोर शिल्लक असतानाही थांबावं लागतं. मागचं चाक जागच्या जागी गर्रकन फिरतं, सायकल वीतभर मागे सरकते आणि पाय जमिनीवर येतो. पुन्हा निघायचं तर जमीन निसरडी, चढ तसाच खडा आणि थांबल्यामुळे अंगावरचा घाम गार पडायला लागलेला. हिवाळ्यातली खडी वाट या दोन गोष्टींवर ठरते: मागच्या टायरची पकड आणि अंगातला घाम. ताकद त्यानंतर येते. म्हणून या लेखात व्यायामापेक्षा टायर, हवा, बसण्याची जागा आणि कपड्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

वाट निवडताना काय पाहायचं

मोबाइलवरच्या आलेखात दिसणारा सरासरी चढ फसवा असतो. 9 टक्के सरासरीच्या वाटेत 25 टक्क्यांचे तीन तुकडे सहज लपतात, आणि हिवाळ्यात पाय टेकतो तो त्याच तुकड्यांत. 1:25,000 प्रमाणाचा, 10 मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा मिळाला तर पट्टी लावून पाहा. वाट जिथे रेषा ओलांडते तिथे दोन रेषांत 4 मिमी अंतर असेल तर चढ 10 टक्के, 2 मिमी असेल तर 20 टक्के आणि सव्वा मिमीच्या आसपास असेल तर 30 टक्के. ओल्या मातीवर 20 टक्क्यांपुढचा लांब तुकडा बहुतेकांना ढकलतच न्यावा लागतो. तसे तुकडे आधीच नकाशावर खूण करून ठेवले की वेळेचा अंदाज खरा येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उताराची दिशा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या बाजूवर हिवाळ्यात ऊन जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे दहिवर आणि बर्फाचा पातळ थर दुपारपर्यंत टिकतो. दक्षिण गोलार्धात हेच उलट. दर हजार मीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे 600 मीटरच्या चढाईत माथा पायथ्यापेक्षा चार अंशांनी गार मिळेल. शांत, निरभ्र रात्रीनंतर मात्र थंड हवा दरीत साचते, आणि तेव्हा पायथाच माथ्यापेक्षा जास्त गारठलेला असू शकतो.

वेळ कोणती धरायची हे जमीन ठरवते. रात्री गोठलेली माती सकाळी सिमेंटसारखी घट्ट असते आणि तिच्यावर पकड छान मिळते. ऊन चढलं की वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वितळतो, पण खालचा अजून गोठलेला असल्याने पाणी मुरत नाही. वर लोणी, खाली काच. खड्या चढासाठी याहून वाईट जमीन नाही, आणि अशा वेळी वाटेचं नुकसानही सर्वांत जास्त होतं. त्यामुळे एकतर लवकर निघून वितळण्याआधी माथा गाठा, नाहीतर तो दिवस सोडून द्या. टायरमागे दोन-तीन सेंटिमीटर खोल चाकोरी उमटत असेल तर मागे फिरायची वेळ झाली असं समजा. ती चाकोरी पुढच्या थंडीत तशीच गोठते आणि महिनाभर प्रत्येकाचं चाक तिच्यात अडकतं.

वेळेचं गणित संध्याकाळकडून सकाळकडे करायचं. सूर्यास्त साडेपाचला असेल तर पावणेपाचला पायथ्याशी पोचायचं. उतरायला पाऊण तास धरला तर चारला माथा सोडायचा. माथ्यावर कपडे बदलायला आणि खायला पंधरा मिनिटं, म्हणजे पावणेचार ही माथा गाठण्याची शेवटची वेळ. त्या वेळी जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी. चढाचा वेग म्हणून खड्या हिवाळी वाटेवर तासाला 300 ते 400 मीटर उंची धरावी, त्यात ढकलणं आलं.

टायर आणि हवा

एकूण वजन, म्हणजे स्वार, सायकल आणि सामान मिळून, 90 किलो असेल तर 20 टक्के चढावर मागच्या टायरला साधारण 18 किलो वजनाइतका जोर जमिनीवर सतत लावावा लागतो. पण पेडलचा जोर कधीच एकसारखा नसतो. पाय खाली दाबताना तो सरासरीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त होतो आणि पेडल वर-खाली उभं असताना खूप घटतो. टायर घसरतो तो त्या वरच्या टोकाला. मग उपाय दोनच उरतात: टायरची पकड वाढवणं आणि जोराची टोकं बोथट करणं.

पकडीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फरक हवेने पडतो. 75 किलोच्या स्वाराला 29 इंची चाकात 2.3 ते 2.4 इंच रुंदीचा ट्यूबलेस टायर असेल तर सुरुवात मागे 20 आणि पुढे 18 पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) करा. मग अर्धा-अर्धा पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला किंवा वळणावर टायर लोळतोय असं वाटलं की एक पीएसआय परत भरा. घट्ट बसलेल्या बर्फावर 12 ते 15 पीएसआयपर्यंत खाली जाता येतं, पण तिथे टायर रिमवरून सुटून हवा फसकन जाण्याचा धोका असतो, वेग बेताचाच ठेवावा लागतो.

इथे एक चूक फार होते. हवा घरात, 20 अंशांवर भरली जाते. बाहेर शून्य अंश असेल तर 22 पीएसआयचे साडेएकोणीस होतात, कारण थंड हवा आकसते. उणे 10 अंशांत तेच 18 च्या जरा वर राहतात. घरी बरोबर भरलेली हवा वाटेवर कमी निघते आणि टायर दगडावर फाटतो. सायकल अर्धा तास बाहेर ठेवा आणि मगच गेज लावा. गेजही आकडा दाखवणारं, कमी दाबाचं हवं. मोठ्या पंपाच्या 160 पर्यंतच्या काट्यावर 18 आणि 21 यांतला फरक कळत नाही.

टायर कोणता? चिखलासाठी उंच, विरळ नॉबचा, म्हणजे रबरी उंचवट्यांचा. दोन नॉबमध्ये जागा असली की चिखल फिरताना सुटून पडतो, नाहीतर टायर गुळगुळीत रोलर होतो. रबर मऊ हवं, थंडीत कडक रबर आणखी ताठरतं. नुसता बर्फ असेल, विशेषतः पाणी गोठून झालेला काचेसारखा, तर कोणतंही रबर पुरत नाही, टंगस्टन कार्बाइडच्या खिळ्यांचे टायर लागतात. नवे खिळेवाले टायर आधी 40-50 किमी डांबरी रस्त्यावर, जोराचे ब्रेक न मारता चालवावेत म्हणजे खिळे आपल्या जागी घट्ट बसतात. एकच टायर परवडत असेल तर तो पुढे लावा: मागचं चाक घसरलं तर पाय टेकतो, पुढचं घसरलं तर खांदा टेकतो.

ट्यूबलेसमधलं सीलंट थंडीत दाट होतं आणि भोक बुजवायला वेळ लावतं. मोसमाच्या सुरुवातीला जुनं काढून 29 इंची टायरमध्ये 90 ते 100 मिली नवं घाला, आणि बाटलीवर किती अंशांपर्यंत चालतं ते वाचा.

गिअर आणि बाकीची सायकल

29 इंची चाकाचा घेर 2.3 मीटरच्या आसपास असतो. पुढे 32 दात आणि मागे 51 असतील तर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, एका फेऱ्यात सायकल 1.44 मीटर जाते. ताशी 4 किमी वेगाने, म्हणजे खड्या चढावरच्या खऱ्या वेगाने, मिनिटाला फक्त 46 फेरे पडतात. इतक्या मंद लयीत प्रत्येक ढकल जड पडते आणि टायर सुटतो. पुढे 28 दातांची चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, लावली की तोच वेग 53 फेऱ्यांनी मिळतो, त्यामुळे जोराची टोकं आपोआप बोथट होतात. सपाटीवरचा थोडा वेग जातो, पण हिवाळी वाटेवर तो फारसा वापरातही नसतो. हा बदल खडी वाट आवडणाऱ्या प्रत्येकाने करावा असं आमचं ठाम मत आहे. चार दात कमी केले की साखळी एका पूर्ण कडीने, म्हणजे एक इंचाने, लहान करावी लागते. तशी चेनरिंग आपल्या फ्रेमला आणि क्रँकला बसते का ते आधी पाहा.

साखळीला ओल्या हवामानाचं तेल घाला, प्रत्येक कडीवर एक थेंब, मग जुन्या कापडाने बाहेरचं पुसून टाका. चिखलात साखळी झपाट्याने झिजते, म्हणून दर दोन-तीन वेळा फिरून आल्यावर झीज मोजणारं मापक लावावं आणि 12 गिअरच्या सायकलला 0.5 टक्के झीज दिसली की बदलावी.

थंडीतला एक बिघाड अनुभवी स्वारांनाही चक्रावून टाकतो. पेडल मारावं तर ते रिकामं फिरतं, साखळी जागेवर, गिअर बरोबर, पण चाकाला जोरच पोचत नाही. दोष मागच्या हबच्या फ्रीहबमध्ये असतो. आत छोट्या खिट्ट्या असतात, स्प्रिंगने बाहेर येऊन दातांत अडकणाऱ्या. आतलं ग्रीस फार दाट असेल किंवा पाणी शिरून गोठलं असेल तर खिट्ट्या आतच चिकटून राहतात. चढावर पूर्ण वजन पेडलवर असताना हे झालं तर गुडघा थेट हँडलबारवर आपटतो. उपाय मोसमापूर्वीच करायचा: फ्रीहब उघडून स्वच्छ पुसायचा, खिट्ट्यांना जाड ग्रीसऐवजी हबच्या कंपनीने सांगितलेलं पातळ तेल किंवा हलकं ग्रीस लावायचं. वाटेवर झालं तर थर्मासमधलं कोमट पाणी हबवर ओतून खिट्ट्या सोडवता येतात, पण ते पाणी पुन्हा गोठतं, त्यामुळे त्यानंतर सरळ घर गाठायचं.

ब्रेकला धातुमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड घ्या. ओल्या वाळूत साधे पॅड एका लांब उतारातही संपू शकतात. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, तसे पॅड चालणारा आहे ना, हे त्यावर छापलेलं असतं. पॅडवरचा थर एक मिमीच्या खाली गेला असेल तर निघण्याआधीच बदला, आणि नवे पॅड सपाटीवर पंधरा-वीस वेळा वेगातून चालीच्या गतीपर्यंत दाबून बसवून घ्या. सस्पेन्शनची हवाही टायरसारखीच आकसते, त्यामुळे तीही बाहेरच्या थंडीत तपासायची. तेल दाटल्याने रीबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर येणं, मंदावतो, तो एक-दोन क्लिक मोकळा करा.

कपडे: गारठलेलेच निघा

घरातून निघताना ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झालेत. खडा चढ सुरू झाला की शरीर भट्टीसारखं तापतं, आणि जो घाम चढावर येतो तोच उतारावर गोठवतो. पाच अंश तापमानात ताशी 30 किमी वेगाने उतरताना अंगाला शून्य अंशासारखा गारठा लागतो. शून्यात तोच उणे साडेसहा होतो. हे आकडे कोरड्या त्वचेचे. ओला बनियन अंगाला चिकटलेला असेल तर हाल कितीतरी जास्त.

अंगालगत घाम ओढून घेणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, सुती अजिबात नको. त्यावर चेन असलेला पातळ उबदार थर. वाऱ्याचं जाकीट चढावर पाठपिशवीत, अंगावर नाही. पायथ्याशी दहा मिनिटं हलक्या गिअरवर फिरून अंग गरम करा. थंड कोरड्या हवेत एकदम जोर केला तर छातीत आवळल्यासारखं होतं, दम्याचा त्रास असणाऱ्यांना तर नक्कीच. नाका-तोंडावर पातळ गळपट्टा ओढला की आत जाणारी हवा थोडी उबदार होते. चढाच्या अगदी आधी थांबून कपड्याची चेन उघडा. घाम यायला लागल्यावर उघडून उपयोग नाही.

हातमोजे दोन जोड: चढाला पातळ, उताराला जाड आणि कोरडे. जाड जोड जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवा. बूट घट्ट बांधू नका. दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं एका मोज्यापेक्षा लवकर बधिर होतात.

प्रत्यक्ष चढ

चढ डोळ्यांसमोर दिसायला लागला की गिअर हलका करा, चढावर पोचल्यावर नाही. जोर देऊन दाबलेल्या साखळीवर गिअर बदलला की ती दातांवरून कडाडते आणि कधी तुटतेही. बदलावाच लागला तर आधी एक ढकल जरा जोरात मारा, त्या मिळालेल्या वेगात अर्धा फेरा पाय हलके ठेवा आणि त्या अर्ध्या फेऱ्यात बदला.

बसूनच चढायचं. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ओल्या जमिनीवर ते लगेच फिरतं. सीट दोन सेंटिमीटर खाली घ्या, पुढे सरकून तिच्या टोकावर बसा, छाती हँडलबारकडे झुकवा, कोपरं खाली आणि अंगाजवळ. हँडलबार वर नाही, मागे आणि खाली ओढायचा. नजर चार-पाच मीटर पुढे.

आता बारकावा. पुढचं चाक उचलतंय? छाती आणखी खाली घ्या, बूड एक सेंटिमीटर पुढे. मागचं चाक सुटतंय? बूड तेवढंच मागे, छाती मात्र खालीच. सारा खेळ चार-पाच सेंटिमीटरचा आहे, आणि प्रत्येक वीस पावलांच्या अंतरात तो बदलतो. चाक सुटलं की बहुतेक जण घाबरून जोरात पेडल मारतात आणि चाक आणखी सुटतं. उलट करा: क्षणभर जोर कमी करा, टायरला जमीन धरू द्या, मग पुन्हा दाबा. आवाज ऐकत राहा. मातीवर टायरचा एकसुरी खरखराट म्हणजे पकड आहे. मध्येच तो सरसरायला लागला की सुटण्याआधी अर्धा सेकंद सूचना मिळते.

ओलं मूळ आडवं आलं तर शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. त्याआधी एक पक्की ढकल, पुढचं चाक हलकं, आणि मागचं चाक मुळावर असताना पेडलवर जोर नाही, वळण नाही, ब्रेक नाही. दगडांच्या पायऱ्यांत पूर्ण फेरा मारला तर पेडल आपटतं. तिथे पाय मागे-पुढे अर्ध्या फेऱ्यात हलवत, टिकटिक करत पुढे जा. नागमोडी वाटेच्या वळणात बाहेरच्या कडेने शिरा, पुढचं चाक वळणाच्या आतल्या उभ्या टोकापासून लांब ठेवा आणि वळायच्या आधीच मान फिरवून पुढच्या वाटेकडे पाहा. आतल्या बाजूचा चढ वाटेतला सर्वांत खडा असतो.

जोर किती लावायचा? लांब चढावर तुटक का होईना, चार-पाच शब्द बोलता येतील इतकाच. खडा तुकडा आला की तीस-चाळीस सेकंद त्याच्या वर जायला हरकत नाही, पण त्यापुढच्या सौम्य तुकड्यात वेग वाढवण्याचा मोह आवरून श्वास भरून काढा.

पाय टेकलाच, तर पुन्हा निघायचं असं:

1. जिथे चाक सुटलं तिथून निघू नका. मीटरभर मागे किंवा बाजूला जरा कमी उताराची, दगडाची किंवा कोरडी जागा शोधा.
2. रुंदी असेल तर सायकल चढाला तिरकी धरा. सीट खाली घ्या, दोन्ही ब्रेक दाबून ठेवा.
3. गिअर सर्वांत हलक्यापेक्षा एक-दोन जड करा: क्षणभर मागचा ब्रेक सोडून मागचं चाक उचला आणि हाताने पेडल फिरवा. अगदी हलक्या गिअरला पहिली ढकल इतक्या लवकर संपते की दुसरा पाय पेडलवर पोचायच्या आत सायकल थांबते.
4. चढाच्या बाजूचा पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पेडल घड्याळात दोन वाजल्यासारखं, वरून जरा पुढे.
5. ब्रेक दाबूनच पेडलवर वजन द्या. साखळी ताणली की ब्रेक हळू सोडा, लगेच सीटवर बसा, दुसरा पाय पेडलवर आणि दोन फेऱ्यांनंतर सायकल सरळ करा.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर ढकला. एक हात हँडलबारवर, दुसरा सीटवर, आणि पुढचं पाऊल टाकताना ब्रेक दाबून सायकलचाच आधार घ्या. ढकलण्यात कमीपणा नाही; दहा वेळा धडपडण्यात जाणारी ताकद आणि येणारा घाम दोन्ही वाचतात. चिखल आणि बर्फात साधे सपाट पेडल याच कारणासाठी सोयीचे: बुटाच्या तळव्यावरच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटमध्ये बर्फ भरला की बूट पेडलमध्ये बसत नाही.

माथा, खाणं आणि उतार

माथ्यावर पोचताच, अंग अजून गरम असताना, आडोशाला जाऊन आधी कपडे. ओला बनियन काढून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेला कोरडा घालायचा, वर उबदार थर, जाकीट, जाड हातमोजे. दोन मिनिटं अंगावर काटा येतो, पण पुढचा तासभर सुखाचा जातो. फोटो त्यानंतर.

थंडीत तहान लागत नाही, पाणी मात्र श्वासातूनही जातच असतं. तासाला अर्धा लिटर धरा. बाटली उलटी ठेवा, म्हणजे आधी तळ गोठेल, तोंड नाही. नळीची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतलं पाणी मागे ढकला. दीड तासापेक्षा लांब फेरीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. एनर्जी बार थंडीत दगड होतो, तुकडे करून आतल्या खिशात ठेवा.

उतार सुरू करण्यापूर्वी चार-पाच वेळा ब्रेक हलके दाबून रोटरवरचं पाणी आणि दहिवर पुसून काढा. पहिल्या दाबाला काहीच पकड न मिळणं आणि दुसऱ्याला एकदम चाक अडकणं, हे ओल्या रोटरचं नेहमीचं लक्षण आहे. सावलीतल्या वळणांना वाटेवर बर्फ नाहीच असं कधी धरू नका; पाचोळ्याखाली तो दिसतही नाही.

सोबत हातपंप, ट्यूबलेसचे प्लग, एक ट्यूब, साखळी तोडण्याचं हत्यार, जोडकडी, डिरेलरचा (मागे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, शिटी, आपत्कालीन चादर आणि दोन दिवे. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी थंडीत भरवशाची नाहीत: वायू सुटताना व्हॉल्व्ह गोठतो आणि सीलंटच्या गुठळ्या होतात. मोबाइल आणि दिव्याची जादा बॅटरी अंगालगत ठेवा, गारठलेल्या बॅटरीची क्षमता बरीच घटते. ती शून्याखाली चार्जही करू नये.

सोबतचा माणूस अडखळत बोलायला लागला, जाकिटाची साधी चेन लावता येईना, चिडचिड करू लागला, तर तो थकलेला नाही, गारठलेला आहे. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, आणि कुडकुडणं थांबलं तर ती सुधारणा नसून धोक्याची खूण असते. ताबडतोब आडोसा, कोरडे कपडे, चादर, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय, आणि मदतीला फोन. पांढरी, बधिर पडलेली बोटं चोळू नका. काखेत धरून गरम करा.

परतल्यावर

सायकल थंडीतून एकदम गरम खोलीत नेली की तिच्यावर आणि आतही दव धरतं. आधी बाहेरच कमी दाबाच्या पाण्याने चिखल धुवा. जोराचा फवारा हब, बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो तो सांधा) आणि सस्पेन्शनच्या सीलवर मारला तर पाणी आत जातं आणि पुढच्या थंडीत तिथेच गोठतं. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर त्याच दिवशी धुवा. साखळी कोरडी पुसून लगेच तेल घाला, सस्पेन्शनच्या नळ्या आणि ड्रॉपर पोस्ट (सीट वर-खाली करणारी दांडी) मऊ कापडाने पुसा, पॅड किती उरले ते बॅटरी लावून पाहा. मागचं चाक हाताने फिरवून फ्रीहबचा आवाज ऐका. टिकटिक मंद किंवा अनियमित वाटली, तर पुढच्या फेरीआधी तो उघडायचा.